‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे काय, आणि ते नऊवारीवरून आलंय का?

प्रश्न असा होता, की इंग्रजी सिरीजमध्ये, ऑफिसच्या कॉलवर ‘द होल नाइन यार्ड्स’ हे सारखं कानावर पडतं, त्याचा नेमका अर्थ काय, आणि हे आपल्या नऊवारी साडीवरून इंग्रजीत गेलंय असा जो मेसेज फिरतो तो खरा आहे का. मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर आणि सबटायटलिंग करतोय, हा वाक्प्रचार कामात वारंवार येतो, आणि त्याच्या उगमाबद्दल जितकं हाती लागलं तितकं मी वाचत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी थोडक्यात सांगतो. अर्थ अगदी सोपा आहे, ‘सगळंच्या सगळं’, काही न वगळता, शेवटापर्यंत. उगम अजून पक्का कळलेला नाही. आणि नऊवारीवरून आलेलं नाही, हे मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, ते का ते खाली येईलच.

वापराचं बघू. बोलताना हे तीन प्रकारे येतं. एक म्हणजे यादीच्या शेवटी, लग्नात हॉल, बँड, घोडा, डेकोरेशन, ड्रोन, अँड द होल नाइन यार्ड्स, म्हणजे जे जे म्हणून असतं ते सगळं. दुसरं ‘गो’ या क्रियापदाबरोबर, कुणी एखादं काम अर्धवट न सोडता पूर्ण ताकदीनं तडीला नेलं तर तो होल नाइन यार्ड्स गेला असं म्हणतात. आणि तिसरं ‘गिव्ह’ किंवा ‘टेल’ बरोबर, म्हणजे मला सगळी हकीकत दे, काही गाळू नको. या तिसऱ्या वापराकडे नीट लक्ष द्या, उगमाचा विषय निघेल तेव्हा तो फार उपयोगी पडणार आहे. हा मूळचा अमेरिकन आणि अनौपचारिक प्रयोग आहे, त्यामुळे सहकाऱ्याला मेल लिहिताना चालेल, करारात, अर्जात, परीक्षेच्या निबंधात नको. आणि यात मोजमापाचा अर्थ अजिबात उरलेला नाही, म्हणून सबटायटलमध्ये ‘पूर्ण नऊ यार्ड’ असं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बघणाऱ्याला वाटतं की पडद्यावर कुठेतरी काहीतरी मोजलं जातंय. मराठीत एकच ठरलेला शब्द धरून बसू नये. लग्न असेल तर ‘साग्रसंगीत’, हकीकत असेल तर ‘अथपासून इतिपर्यंत’ किंवा ‘इत्थंभूत’, सामानसुमान आणि माणसं असतील तर ‘सगळा लवाजमा’, आणि चारचौघांच्या गप्पांमध्ये नुसतं ‘अख्खंच्या अख्खं’ म्हटलं तरी काम होतं.

आता उगम. नऊ यार्ड, पण कशाचे? हा प्रश्न अमेरिकन लोकांना इतका छळतो की न्यूयॉर्क टाइम्समध्ये वर्षानुवर्षं भाषेवर सदर लिहिणाऱ्या विल्यम सफायर यांनी याची गणना शब्दव्युत्पत्तीतल्या मोठ्या कोड्यांमध्ये केली होती. आणि प्रत्येकाकडे उत्तर असतंच, तेही ठाम, बहुतेक वेळा आजोबांकडून किंवा लष्करातल्या काकांकडून ऐकलेलं.

सगळ्यात लोकप्रिय गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. लढाऊ विमानाच्या मशीनगनचा गोळ्यांचा पट्टा सत्तावीस फूट म्हणजे नऊ यार्ड लांब असायचा, पायलटनं शत्रूवर सगळा पट्टा रिकामा केला की तो म्हणायचा मी त्याला होल नाइन यार्ड्स दिले. ऐकायला इतकी चपखल आहे की शंका घ्यावीशीच वाटत नाही. पण जरा जवळ जाऊन बघा. पी-५१ मस्टँग या विमानाच्या डी मॉडेलवर सहा गन असायच्या, त्यातल्या आतल्या दोन गनना प्रत्येकी चारशेच्या आसपास गोळ्या आणि बाहेरच्या चार गनना प्रत्येकी २७०. म्हणजे एकाच विमानात, एकाच पंखात दोन वेगवेगळ्या लांबीचे पट्टे, मग नऊ यार्ड नेमका कुठला? दुसऱ्या विमानांचे आकडे आणखी वेगळे. आणि मुळात दारूगोळा मोजतात तो राउंडमध्ये, कापडासारखा वारावर कुणी मोजत नाही. त्याहून मोठी अडचण ही, की त्या युद्धावर अमेरिकेत अक्षरशः ढिगाने लिहिलं गेलंय, पत्रं, डायऱ्या, बातम्या, पायलटांच्या आठवणी, लष्करी बोलीभाषेचे छोटे छोटे कोश, आणि त्या काळातल्या या सगळ्या कागदांत हा वाक्प्रचार या अर्थानं सापडत नाही. जी माणसं तो वापरत होती असं आपण म्हणतोय त्यांच्या त्या वेळच्या लिखाणात तो एकदाही नसावा, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट काँक्रीटच्या ट्रकची. अमेरिकेत काँक्रीट घनयार्डमध्ये विकतात, ट्रकमध्ये नऊ घनयार्ड मावतं, म्हणून सगळा ट्रक ओतला की होल नाइन यार्ड्स. सफायर यांचा कल एकेकाळी या बाजूला होता. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मिक्सर ट्रकची सरासरी क्षमता सव्वासहा घनयार्डच्या आसपास होती, आणि त्याच्या काही वर्षं आधी तर साडेचार घनयार्डचा ट्रक सर्रास असायचा. ट्रक मोठे होत गेले ते नंतर. म्हणजे वाक्प्रचार आधी रूढ झाला, आणि नऊ घनयार्डचा ट्रक मागाहून त्याच्या मापाला येऊन बसला.

जहाजाची गोष्ट पण सांगतात. शिडाच्या जहाजावर डोलकाठीला जे आडवे वासे असतात, ज्यांना शीड बांधतात, त्यांनाही इंग्रजीत यार्डच म्हणतात, तीन डोलकाठ्यांवर तीन तीन वासे म्हणजे नऊ, सगळी शिडं उभारली की होल नाइन यार्ड्स. हिशोब छान बसतो पण मोठ्या जहाजांवर एकेका डोलकाठीला चार, पाच वासे पण असायचे, आणि खलाशांच्या भाषेची पुस्तकं इतकी आहेत की हा प्रयोग तिथून आला असता तर त्यांत कुठेतरी दिसला असता. फुटबॉलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं, तर एका वाक्यात निकालात निघतं, तिथे पुढे जायला दहा यार्ड लागतात, नऊ यार्ड म्हणजे थोडक्यात हुकलं, ‘सगळं मिळवलं’ याच्या नेमकं उलट. शिवाय स्कॉटिश किल्टचं कापड, प्रेताला गुंडाळायचं कापड, ननचा झगा, महाराजांचा शेला, आणि मग आपली साडी. यादी अजून वाढवता येईल, पण त्यातून हाती काही लागत नाही.

कारण या सगळ्या गोष्टींची पद्धत एकच आहे. आधी नऊ यार्डांची एखादी वस्तू शोधायची, मग ती वाक्प्रचाराला चिकटवायची. खरं काम उलट्या बाजूनं करावं लागतं. हा प्रयोग छापून सगळ्यात आधी कधी आला, कुठे आला, आणि तिथे त्याचा अर्थ काय होता, हे आधी बघायचं. गोष्ट त्या तारखेशी आणि त्या जागेशी जुळली तरच पुढे विचार करायचा, नाहीतर कितीही सुंदर असली तरी सोडून द्यायची.

आणि या बाबतीत तारीख मागे मागे कशी सरकत गेली हे बघणं मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात आवडतं. बराच काळ व्हिएतनाम युद्धाच्या वेळची, १९६७ सालची एक कादंबरी हा सगळ्यात जुना पुरावा मानला जायचा, अमेरिकन हवाई दलातल्या लोकांच्या तोंडी तो प्रयोग होता, म्हणून विमानाची गोष्ट जोरात होती. मग जुनी वर्तमानपत्रं स्कॅन होऊन शब्दानुसार शोधता यायला लागली आणि सगळं चित्र बदललं. १९६४ सालचा एक लेख सापडला, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहराच्या दैनिकात छापलेला, अंतराळ कार्यक्रमात काम करणाऱ्यांच्या बोलीवर, त्यात याचा अर्थ दिला होता, एखाद्या प्रोजेक्टचा बाबवार, एकेक मुद्दा घेऊन दिलेला रिपोर्ट. मग १९६२ सालची मिशिगनमधल्या एका मासिकातली कथा सापडली, तिच्यात घर, मुलं, प्रतिष्ठा, प्राध्यापकी वगैरे यादीच्या शेवटी हाच प्रयोग होता. मग १९५६ आणि १९५७, केंटकी राज्याच्या शिकार आणि मासेमारीवरच्या मासिकात.

इथपर्यंत सगळे नऊच होते. २०१२ मध्ये मोठा धक्का बसला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात न्यूरोसायन्समध्ये संशोधन करणाऱ्या आणि हौसेने शब्दांचा माग काढणाऱ्या बॉनी टेलर-ब्लेक, आणि येल लॉ स्कूलचे ग्रंथपाल फ्रेड शपिरो, हे दोघं याच्या मागे लागले होते. केंटकीतल्याच माउंट व्हर्नन नावाच्या छोट्या गावाच्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ या वर्तमानपत्रात १९१२ च्या मे महिन्यात हा प्रयोग सापडला, पण ‘होल सिक्स यार्ड्स’ असा. सहा! संदर्भ राजकारणाचा. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांची जोरदार जुंपली होती, आणि लिहिणारा डेमोक्रॅट मोठ्या उत्साहानं म्हणतोय की थांबा जरा, भांडण तापू द्या, मग ते दोघे एकमेकांची सगळी ‘सिक्स यार्ड्स’ सांगतील. पुढच्याच महिन्यात त्याच वर्तमानपत्रात पुन्हा, आम्ही काही दिवस बाहेरगावी होतो म्हणून या अंकात सगळ्या बातम्या देता आल्या नाहीत, पुढच्या अंकात होल सिक्स यार्ड्स देऊ. १९२१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या वर्तमानपत्रात तर मथळ्यातच सहा यार्ड.

म्हणजे एका फटक्यात विमान, काँक्रीट, व्हिएतनाम, सगळं निकालात. १९१२ साली लढाऊ विमानाला गोळ्यांचा पट्टाच नव्हता, पहिलं महायुद्धसुद्धा सुरू व्हायचं होतं. आणि मिक्सर ट्रक तर आणखी पुढची गोष्ट.

तेव्हा शपिरो यांनी मांडलेलं असं होतं की आकडा काळाबरोबर फुगत जातो, सहाचे नऊ झाले, जसं इंग्रजीत अतिशय आनंदात असलेला माणूस आज ‘क्लाउड नाइन’वर असतो पण पूर्वी तो सातव्या आणि आठव्या ढगावर पण असायचा. क्लाउड नाइनची सुद्धा एक फार ऐटदार गोष्ट आहे बरं का, १८९६ च्या आंतरराष्ट्रीय मेघ-अ‍ॅटलासमध्ये सगळ्यात उंच वाढणारा ढग नऊ नंबरला होता म्हणून वगैरे. अ‍ॅटलासमधला नंबर खरा आहे, पण मग सातव्या आणि आठव्या ढगाचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

पण नऊ यार्डांची गोष्ट तिथेही थांबली नाही. २०१३ मध्ये आणखी मागचे पुरावे आले, इंडियाना राज्याच्या दक्षिण भागातल्या मिचेल नावाच्या गावातून, ‘मिचेल कमर्शियल’ या वर्तमानपत्रातून. मे १९०७ मध्ये बेसबॉलच्या सामन्याची बातमी, गावातल्या टीमची व्यापाऱ्यांच्या टीमशी मॅच आहे, ते बिचारे जितके डाव टिकतील तितके खेळू, पण ‘फुल नाइन यार्ड्स’ची हमी देत नाही. आणि जून १९०८ मध्ये माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. रॉस्को नावाचा कुणी गावकरी मासे पकडून आलाय, सांगायला त्याच्याकडे मोठी कहाणी आहे, पण संपादक म्हणतात आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, कधीतरी एखादा बेसावध माणूस त्याच्या तावडीत सापडेल आणि मग त्याला तो होल नाइन यार्ड्स देईल. मासेमाऱ्याच्या थापा जगात सगळीकडे सारख्याच, आणि शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या चार ओळी वाचताना तो माणूस समोर उभा राहतो.

आता यातून काय निघतं ते बघा. १९०७-०८ मध्ये नऊ आहेत आणि १९१२ मध्ये सहा. म्हणजे सहाचे फुगून नऊ झाले हे सरळ स्पष्टीकरण पण डळमळीत होतं, दोन्ही आकडे एकाच भागात, एकाच काळात चालू होते. मग आकड्यामागे एखादी ठरावीक मापाची वस्तू होती हे मानणं फार कठीण जातं. वस्तू खरी असती तर माप एकच राहिलं असतं. मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये, आपण ‘सतराशे साठ’ भानगडी म्हणतो तेव्हा कुणी मोजून सतराशे साठ आणत नाही, आकड्यातून नुसता भरपूरपणा आणि थोडी चेष्टा येते. उद्या कुणी १७६० सालची एखादी लढाई काढून तिथे याचा उगम दाखवला तर तो नऊ यार्डांच्या गोळ्यांच्या पट्ट्याचाच प्रकार. सगळेच आकडे असे नसतात हे पण खरं, ‘छत्तीसचा आकडा’ बघा, देवनागरीतले ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले डोळ्यांना दिसतात, तिथे उगम लिहिलेल्या आकड्यातच आहे. नऊ यार्डांत असं काहीच दिसत नाही.

माझं स्वतःचं मत जिथे येऊन थांबतं ते सांगतो. ही जुनी उदाहरणं एका ओळीत ठेवून वाचा. रूझवेल्ट आणि टाफ्ट सगळं ‘सांगतील’. वर्तमानपत्र पुढच्या अंकात सगळी बातमी ‘देईल’. रॉस्को सगळी कहाणी ‘ऐकवेल’. अगदी १९६४ मधल्या अंतराळवाल्यांच्या बोलीत सुद्धा अर्थ काय, तर बाबवार रिपोर्ट. बहुतेक ठिकाणी हे यार्ड कुठल्या वस्तूचे नाहीत, बोलण्याचे आहेत. लांबलचक हकीकत, काही न गाळता. बोलणं लांबीनं मोजायची कल्पना माणसाला फार सहज सुचते, आपण सुद्धा लांबण लावणाऱ्याबद्दल ‘चऱ्हाट लावलंय’ म्हणतोच ना, चऱ्हाट म्हणजे दोरखंड, आणि इंग्रजीत लांबवलेल्या गोष्टीला यार्न म्हणतात, म्हणजे सूत. त्यामुळे ‘नऊ यार्ड कशाचे’ याला माझं उत्तर ‘गोष्टीचे’ असं आहे, आणि यादीच्या शेवटी येणारा, लग्नाबिग्नातला वापर नंतर पसरलेला दिसतो. हे माझं वाचन आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, पण हाती असलेल्या छापील पुराव्यांशी ते भांडत नाही, आणि गोळ्यांचा पट्टा प्रत्येक पुराव्याशी भांडतो.

जागा पण बघा. मिचेल दक्षिण इंडियानात, माउंट व्हर्नन केंटकीत, पन्नासच्या दशकातलं मासिक पुन्हा केंटकीचंच. ओहायो नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा हा एकच पट्टा आहे. म्हणजे हा बहुधा त्या भागातल्या साध्या लोकांचा बोलीतला प्रयोग होता, जो पन्नास वर्षं तिथेच आणि आसपास फिरत राहिला आणि मग साठच्या दशकात हवाई दल, अंतराळ कार्यक्रम, मासिकं यांच्यामार्फत देशभर गेला. लोकांनी तो पहिल्यांदा सैनिकांच्या तोंडून ऐकला म्हणून त्यांना तो सैनिकांचा वाटला, यात त्यांची काही चूक नाही.

आता नऊवारीकडे येतो, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि तो मी टाळणार नाही. मान्य करतो, ऐकल्याबरोबर कुणाही मराठी माणसाला पटावी अशी ही गोष्ट आहे. वार म्हणजेच यार्ड, तीन फूट. नऊवारी म्हणजे नऊ यार्ड, सव्वाआठ मीटरच्या आसपास. आणि त्यात भर म्हणजे वर सांगितलेला सहाचा आकडा, आपल्याकडे सहावारी पण आहेच! सहा आणि नऊ, दोन्ही मापं साडीची. कुणाला हे सापडलं की तो म्हणणार, बघा, याहून पक्का पुरावा काय पाहिजे.

पण हीच कसोटी लावू जी विमानाला लावली. साडीवरून हा प्रयोग इंग्रजीत गेला असता तर तो कुणाच्या मार्फत गेला असता? उघड आहे, इथे राहिलेल्या इंग्रजांच्या. मग तो आधी इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत, इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या बायकांच्या पत्रांत, लंडनमध्ये छापलेल्या आठवणींत दिसला पाहिजे. इथून इंग्रजीत गेलेल्या शब्दांची नोंद पण काही कमी नाही, यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश १८८६ मध्येच निघाला होता, कापडाच्या जातींची तर त्यात रेलचेल आहे, पण हा प्रयोग त्यात नाही. ब्रिटिश इंग्रजीत तो आला तो उशिरा आणि अमेरिकेकडून. आणि सगळ्यात जुनी उदाहरणं कुठे, तर समुद्रापासून लांब, इंडियाना आणि केंटकीच्या खेड्यांत, जिथे १९०७ साली नऊवारी नेसलेली बाई कुणी पाहिली असण्याची शक्यता जवळपास नाही. शिवाय मराठीत तरी ‘नऊवारी’ हा शब्द ‘सगळं’ या अर्थानं आपण कधी वापरतो का? नाही वापरत. ज्या भाषेतून वाक्प्रचार गेला असं म्हणायचं त्या भाषेतच तो नसेल तर मग गेलं काय? सहा आणि नऊ जुळले ते योगायोगानं, तीनाच्या पटीतले आकडे कापडाच्या मापात सगळीकडेच येतात. मला नऊवारीबद्दल मनापासून प्रेम आहे, तिच्याबद्दल सांगण्यासारखं खरं खूप काही आहे, तिला खोट्या गोष्टीचा आधार द्यायची काहीच गरज नाही.

अशीच मुंबईशी जोडलेली एक गोष्ट आहे, ‘पॉश’ची. पी अँड ओ कंपनीच्या बोटीनं इंग्लंडहून मुंबईला येताना डाव्या बाजूची केबिन आणि परत जाताना उजव्या बाजूची, कारण त्या बाजूला ऊन कमी, आणि श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापलेली असायची म्हणून पॉश. पण असं छापलेलं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही. या उलट ‘ओके’ घ्या, त्याच्याही डझनभर गोष्टी होत्या, पण अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकानं १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून तो थेट २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टपर्यंत नेऊन पोचवला. तेव्हा बॉस्टनच्या पत्रकारांमध्ये मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायची टूम होती, ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल कोरेक्ट’ आणि त्याचं ओके. म्हणजे कधी कधी उत्तर मिळतं पण, आणि मिळतं ते असं, तारखेसकट आणि पानासकट.

नऊ यार्डांच्या बाबतीत तसं पान मिळण्याची एक शक्यता आहे आणि तिच्याबद्दल सांगून थांबतो. इंडियानातल्याच न्यू ऑल्बनी गावाच्या दैनिकात ३० जानेवारी १८५५ रोजी ‘जज साहेबांचा मोठा शर्ट’ अशा नावाची एक विनोदी गोष्ट छापून आली होती. त्यात तीन शर्टांना पुरेल एवढं कापड आणायला सांगितलेलं असतं, आणि बाईनं ते सगळंच्या सगळं, म्हणजे होल नाइन यार्ड्स, एकाच शर्टात घातलं म्हणून जज साहेब चिडतात. शब्द हुबेहूब तेच, आणि जागा पण तोच ओहायो नदीचा काठ, न्यू ऑल्बनी आणि केंटकीतलं लुइव्हिल समोरासमोर आहेत. काही लोक म्हणतात झालं, उगम सापडला, हा विनोद लोकांच्या तोंडी बसला आणि त्यातून वाक्प्रचार झाला. मी अजून तसं म्हणायला तयार नाही. त्या गोष्टीत नऊ यार्ड खरेखुरे आहेत, दुकानातून मोजून आणलेलं कापड, तिथे लाक्षणिक अर्थ नाही. आणि १८५५ ते १९०७ या बावन्न वर्षांत मधे एकही दुवा नाही. तो विनोद इतका गाजला असता तर मधल्या काळात कुणीतरी, कुठल्यातरी भाषणात, पत्रात, बातमीत त्याची आठवण काढली असती. शिवाय मग १९१२ चे सहा यार्ड कुठून आले, हे पण सांगावं लागेल. पण ही एकच गोष्ट अशी आहे जी भाग, भाषा आणि काळ या तिन्ही बाबतीत आडवी येत नाही, त्यामुळे ती मी बाकीच्या गोष्टींबरोबर टोपलीत टाकत नाही. १८६० ते १९०० च्या दरम्यानचं, दक्षिण इंडियाना किंवा केंटकीतल्या एखाद्या गावच्या वर्तमानपत्रातलं एखादं वाक्य, ज्यात कुणी कापडाशी काही संबंध नसताना नऊ किंवा सहा यार्ड म्हणतोय, असं निघालं तर माझं मत बदलेल. त्या भागातली जुनी वर्तमानपत्रं अजूनही थोडी थोडी स्कॅन होऊन येतायत, आणि शोधणारी माणसं पण अजून शोधतायत.